पोहरादेवी

पोहरादेवी हे महाराष्ट्रातील वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील एक लहान गाव असून बंजारा समाजाचे प्रमुख श्रद्धास्थान म्हणून ते देशभर ओळखले जाते. संत सेवालाल महाराज यांची समाधी आणि जगदंबा देवीचे मंदिर येथे आहे. समाजात या स्थानाला ‘बंजारा समाजाची काशी’ म्हणतात. ‘पोहरागड’ हे नावही तितकेच रूढ आहे. दरवर्षी रामनवमीच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते आणि तिला महाराष्ट्राबरोबरच तेलंगणा, आंध्र प्रदेश, कर्नाटक, मध्य प्रदेश या राज्यांतूनही भाविक येतात.

गावे सहसा नदी, बाजारपेठ, किल्ला किंवा खाण यांच्या आधाराने वाढतात. पोहरादेवीला यांपैकी कशाचाच आधार नव्हता. हे गाव मोठे झाले ते इतरत्र राहणाऱ्या, आणि पूर्वी कोठेच कायम न राहणाऱ्या लोकांमुळे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणाऱ्या तांड्यांचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात संपला. त्या व्यवसायाच्या अखेरच्या भरभराटीच्या काळातील एका नायकाची समाधी मात्र राहिली. आजच्या पोहरादेवीची घडण समजून घ्यायची तर गावाच्या शिवाराबाहेर बरेच पाहावे लागते.

स्थान व परिसर

मानोरा तालुका वाशीम जिल्ह्याच्या पूर्व भागात असून त्याला लागूनच यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस व पुसद हे तालुके आहेत. हा प्रदेश पैनगंगेच्या खोऱ्यात मोडतो. पैनगंगेस मिळणारी अरुणावती नदी याच भागातून दिग्रसकडे वाहत जाते. काळी जमीन, तिच्यामधून डोके काढणाऱ्या मुरमाड टेकड्या आणि टेकड्यांवरील गवत व विरळ सागवान असे येथील भूदृश्य आहे. शेती बहुतांश कोरडवाहू असून कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन ही मुख्य पिके आहेत.

प्रशासकीय दृष्ट्या या भागाचा इतिहास काहीसा गुंतागुंतीचा आहे. ब्रिटिश अमदानीतील वऱ्हाडात वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोला जिल्ह्यात विलीन करण्यात आला. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोल्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने विकासात मागे पडलेल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांची जी यादी केली, तिच्यात महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांत वाशीमचा समावेश होता.

अमरावती शहराजवळील पोहरा वनक्षेत्र हे निराळे ठिकाण असून त्याचा या गावाशी संबंध नाही. नामसाम्यामुळे या दोहोंची अनेकदा गल्लत होते.

पोहरादेवीला लागून असलेले उमरी हे गावही याच तीर्थक्षेत्राचा भाग मानले जाते. तेथे सामकी माता (समाजाच्या बोलीत ‘सामकी याडी’) आणि जेतालाल महाराज यांची स्थाने आहेत. यात्रेकरू सहसा एका गावचे दर्शन घेऊन परत जात नाहीत. ‘पोहरा-उमरी’ असा जोड उल्लेख तांड्यांत ऐकू येतो, तो त्यामुळेच.

लदेणी

बंजारा समाज स्वतःला ‘गोर’ म्हणवतो. प्रदेशपरत्वे त्याला लमाण, लंबाडा, लंबाणी, सुगाली अशी नावे आहेत. ‘लमाण’ या नावाचा संबंध अनेक अभ्यासक ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दाशी जोडतात. व्युत्पत्ती कोणतीही असो, मिठाच्या वाहतुकीशी या समाजाचे नाते पक्के होते. समुद्रकिनाऱ्यावरून मीठ घेऊन देशावर यायचे आणि परतीच्या वाटेने धान्य किंवा कापूस न्यायचा, हा त्यांच्या फेऱ्यांचा ठरलेला क्रम होता. या मालवाहतुकीला गोरबोलीत ‘लदेणी’ म्हणतात.

लदेणीचे अर्थशास्त्र साधे होते. एका बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना गोणी टाकून शे-सव्वाशे किलो माल जाई. तांडा दिवसाला जेमतेम दहा-बारा किलोमीटर चाले, कारण बैल वाटेतच चरत. हा संथपणा हेच त्या धंद्याचे बळ होते. वैरण विकत घ्यावी लागत नसल्याने वाहतुकीचा खर्च अतिशय कमी येई आणि धान्य व मिठासारखा स्वस्त, जड मालही शेकडो कोस नेणे परवडे. घाईच्या आणि मौल्यवान मालासाठी गाड्या व उंट होते. सामान्य माणसाच्या ताटातील मीठ मात्र बंजाऱ्यांच्या बैलांवरून येई. सतराव्या शतकात भारतात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहिले आहे. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, तर तो पुढे जाईपर्यंत इतर प्रवाशांना दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे, असेही तो सांगतो.

फौजांना रसद पुरवण्याचे कामही तांड्यांकडे असे. मुघलांच्या दक्षिणेतील मोहिमांपासून १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धापर्यंत बहुतेक मोठ्या सैन्यांच्या मागे बंजाऱ्यांचे बैल दिसतात. या युद्धातील अडगाव आणि गाविलगड येथील लढाया वऱ्हाडातच झाल्या, आणि जनरल वेलस्लीच्या फौजेची भिस्त याच पुरवठ्यावर होती. लढणाऱ्या दोन्ही पक्षांना तांड्यांची गरज असल्यामुळे त्यांना सहसा कोणी हात लावत नसे.

तांडा म्हणजे केवळ काफिला नव्हे. ती चालती वस्ती होती. तिचा प्रमुख ‘नायक’. त्याच्या मदतीला ‘कारभारी’. तंटे मिटवण्यासाठी ‘नसाब’ म्हणजे पंचायत. पावसाळ्यात काळ्या जमिनीतील वाटा चिखलाने बंद होत, तेव्हा गवत व पाणी पाहून तांडा चार महिने एके ठिकाणी थांबे. लग्ने, तीज, पंचायतीचे निवाडे या काळात होत. पैनगंगेच्या खोऱ्यातील गवताळ टेकड्या आणि बारमाही पाण्याची ठिकाणे अशा मुक्कामांस सोयीची होती. आज या पट्ट्यात बंजारा तांड्यांची संख्या एवढी मोठी का, याचे निदान एक कारण येथे सापडते.

सेवालाल महाराज

सेवालाल महाराजांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ रोजी झाला, असे समाजात मानले जाते आणि महाराष्ट्र शासनही याच दिवशी त्यांची जयंती साजरी करते. वडील भीमा नायक, आई धरमणी याडी. जन्मस्थानाबद्दल दोन परंपरा आहेत. एक कर्नाटकातील दावणगेरे जिल्ह्यात असलेल्या सूरगोंडनकोप्पाचे नाव सांगते, तर दुसरी आंध्र प्रदेशातील गुत्तीजवळच्या गोल्लदोड्डीचे. दोन्ही ठिकाणी आज स्मारके आहेत. ज्याचे सारे कुटुंब चालत्या तांड्यात राहत होते, त्याच्या जन्मगावाविषयी दोन राज्यांचे दावे असावेत यात नवल नाही.

त्यांच्या चरित्राची साधने मुख्यतः मौखिक आहेत. भजने, कथने आणि भाटांनी जपलेल्या वंशावळी यांतून त्यांचे जे चित्र उभे राहते, ते गुरे राखणारा, तांड्याचे नेतृत्व करणारा आणि जगदंबेचा भक्त अशा पुरुषाचे आहे. देवीने भगत होण्याची केलेली मागणी ते प्रथम नाकारतात; त्यावरून तांड्यावर संकटे येतात; अखेर ते देवीची सेवा पत्करतात, पण मांसाचा नैवेद्य न दाखवण्याची अट घालून, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. त्यांचा घोडा तोळाराम आणि त्यांच्या हातातील पांढरा झेंडा यांना या परंपरेत मोठे स्थान आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही तांड्यात शिरताना सेवालाल महाराजांच्या मंदिरावर पांढरा झेंडा आणि शेजारी देवीचे ठाणे दिसते, त्याचे मूळ या कथेत आहे.

त्यांच्या नावे प्रचलित असलेल्या ‘बोलां’त व्यसनापासून दूर राहणे, चोरी व खोटेपणा टाळणे, जनावरे व जंगल राखणे, स्त्रियांचा मान ठेवणे असा उपदेश येतो. काही बोल भविष्यकथनाच्या रूपात आहेत. पुढे पाणीही विकत घ्यावे लागेल, हे त्यांतील विशेष प्रसिद्ध भाकीत. पाणवठ्यांच्या आधाराने प्रवास करणाऱ्या माणसाच्या तोंडी हे भाकीत यावे, हे स्वाभाविक वाटते.

परंपरेनुसार १८०६ साली दिग्रसजवळच्या रुई येथे त्यांनी देह ठेवला आणि पोहरा येथे त्यांची समाधी झाली. तीनच वर्षांपूर्वी, डिसेंबर १८०३ मधील देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वऱ्हाडावरील हक्क सोडले होते आणि हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे गेला होता. समाधीचा आरंभीचा काळ त्यामुळे निजामी राज्यातला आहे. दक्षिणेकडील तेलंगण व रायचूर भागांतील तांड्यांना हे ठिकाण एकाच राज्याच्या हद्दीत होते, ही गोष्ट आजच्या राज्यसीमांमुळे सहज लक्षात येत नाही.

व्यवसायाचा अंत

सेवालाल महाराजांनंतर साठ वर्षांच्या आत लदेणीचा पाया निखळला. वऱ्हाडचा कारभार १८५३ मध्ये ब्रिटिशांकडे आला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरा ही ठिकाणे जोडीत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. पक्के रस्ते झाले आणि बैलगाड्या वाढल्या. मिठावरील सरकारी नियंत्रण व कर यांमुळे त्या व्यापारातही तांड्यांना पूर्वीची मोकळीक उरली नाही. गायराने लागवडीखाली आली व जंगले राखीव झाली. वाटेतल्या फुकट चाऱ्यावर उभा असलेला धंदा चाऱ्याबरोबरच संपला.

यानंतर जे झाले ते अधिक कठोर होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समूहांना जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची तरतूद केली. निरनिराळ्या प्रांतांत बंजाऱ्यांच्या काही गटांनाही तो लागू झाला. ज्यांच्या फिरण्यावर राज्यकर्त्यांच्या फौजा जेवल्या, त्यांचे फिरणेच संशयास्पद ठरले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, आणि त्याखालून मुक्त झालेल्या जमातींना ‘विमुक्त’ ही संज्ञा मिळाली.

तांडे हळूहळू स्थिर झाले. बहुतेकांच्या वाट्याला गावाबाहेरची हलकी जमीन आली. काहींनी शेती वाढवली, काहींनी शिक्षण घेतले. पोहरादेवीपासून फार लांब नसलेल्या, पुसद तालुक्यातील गहुली येथे जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ मध्ये त्या पदावर आले. दुसरीकडे, याच भागातील हजारो कुटुंबे आजही दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. बैलाच्या पाठीवरची गोणी गेली. हंगामी स्थलांतर राहिले.

यात्रा

रामनवमीची यात्रा ही पोहरादेवीच्या वर्षातील सर्वांत मोठी घटना होय. चैत्रात कोरडवाहू शेतीची कामे संपलेली असतात, पावसाला अवकाश असतो आणि ऊसतोडीला गेलेली बहुतेक कुटुंबे हंगाम आटोपून परतलेली असतात. यात्रेच्या दिवसांत गावातील घरांपेक्षा शिवारातील राहुट्या व वाहने जास्त असतात. पूर्वी लोक बैलगाड्यांनी येत व झाडाखाली उतरत. आता ट्रक, जीप आणि एसटीच्या जादा गाड्या येतात.

येथील मुख्य विधी म्हणजे ‘भोग’. अग्नी पेटवून त्यात तूप, गूळ, नारळ व गोड पदार्थांची आहुती देतात आणि ‘अरदास’ म्हणजे सामूहिक विनवणी केली जाते. तिच्यात स्वतःच्या कुटुंबाबरोबर तांड्याचे, गुराढोरांचे व सर्व जीवमात्रांचे कल्याण मागितले जाते. अरदास गोरबोलीतच होते. नंगारा वाजत असतो, त्याच्या तालावर भजने चालतात. लहान मुलांची जावळे काढणे, नवस फेडणे, सोयरिकी जुळवणे हीसुद्धा यात्रेतली कामे आहेत. लग्न जुळवताना गोत्र पाहण्याचे नियम कडक असल्यामुळे दूरदूरच्या तांड्यांची एकत्र गाठ पडणे समाजाला आवश्यक असते, आणि ही गरज यात्रा भागवते.

नवसाच्या बोकडबळीची प्रथा या यात्रेत दीर्घकाळ चालत आली. तिच्या विरोधात समाजातील सुधारक, महंत आणि प्रशासन यांनी वर्षानुवर्षे प्रबोधन केले आहे. सेवालाल महाराजांच्या गोड नैवेद्याच्या कथेचा आधार या प्रबोधनात वारंवार घेतला जातो. बाहेरून आलेल्या उपदेशापेक्षा आपल्याच परंपरेतील कथेने दिलेले कारण लोकांना अधिक पटते, असे यावरून दिसते.

महंतपरंपरा

समाधीस्थानाची व्यवस्था महंतांकडे आहे. डॉ. रामराव महाराज (जन्म ७ जुलै १९३५) हे दीर्घकाळ येथील धर्मगुरू होते. ते आजन्म ब्रह्मचारी राहिले. व्यसनमुक्ती आणि शिक्षण हे त्यांच्या प्रवचनांचे नेहमीचे विषय होते. त्यासाठी त्यांनी राज्याबाहेरील तांड्यांतही खूप प्रवास केला. ३० ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि पोहरादेवी येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. येथील महंत बाबूसिंग महाराज राठोड यांची ऑक्टोबर २०२४ मध्ये विधान परिषदेवर राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून नेमणूक झाली. निवडणुकीच्या काळात सर्वच प्रमुख पक्षांचे नेते पोहरादेवीला येतात. या गावचे राजकीय वजन त्याच्या मतदारसंख्येशी मुळीच प्रमाणात नाही.

एक बोली, तीन लिप्या

पोहरादेवीचे महत्त्व केवळ धार्मिक मानणे अपुरे ठरेल. गोरबोली ही भारतीय-आर्य कुळातील, राजस्थानी गटाला जवळची भाषा आहे. तिला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रातील लेखक ती देवनागरीत लिहितात, तेलंगणातील तेलुगू लिपीत, कर्नाटकातील कन्नड लिपीत. अदिलाबादचा आणि विजयपूरचा माणूस एकमेकांचे पुस्तक वाचू शकत नाही; यात्रेत एकमेकांशी बोलू मात्र सहज शकतो. संविधानाच्या आठव्या परिशिष्टात गोरबोलीचा समावेश नाही, आणि तो व्हावा ही समाजाची जुनी मागणी आहे.

सामाजिक वर्गवारीतही हाच प्रकार आहे. तेलंगणा व आंध्र प्रदेशात हा समाज अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर महाराष्ट्रात विमुक्त जाती (अ) प्रवर्गात मोडतो. या प्रवर्गाला राज्यात तीन टक्के आरक्षण आहे. एकाच कुळातील दोन भाऊ सीमेच्या दोन बाजूंना स्थायिक झाले असतील, तर त्यांच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे आणि नोकरीचे हक्क वेगवेगळे असतात. महाराष्ट्रातही अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा, ही मागणी अनेक वर्षांची आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य शासनाने मराठा समाजाच्या संदर्भात हैदराबाद गॅझेटचा आधार मान्य केल्यानंतर तिला पुन्हा जोर आला आणि मराठवाड्यात मोठे मोर्चे निघाले. सध्याच्या आदिवासी समाजांनी या मागणीला विरोध केला आहे.

अभ्यासकांच्या दृष्टीने भाषेचा प्रश्न तातडीचा आहे. तांड्यातील मूल शाळेत जाईपर्यंत गोरबोली बोलते. शाळेत ते मराठी, आणि आता इंग्रजी शिकते. घरी बोली टिकते, पण तिच्यातील लदेणीचा शब्दसंग्रह, म्हणजे गोणी, जीन, मुक्काम, बैलांचे रंग व चाली यांची नावे, वापराअभावी विसरला जात आहे. ही शब्दसंपत्ती मुख्यतः वृद्धांच्या स्मरणात आणि जुन्या भजनांत उरली आहे. त्यामुळे यात्रेत रात्रभर चालणाऱ्या भजनांचे ध्वनिमुद्रण हे केवळ भक्तांच्या सोयीचे काम नाही.

नंगारा संग्रहालय व विकास आराखडा

डिसेंबर २०१८ मध्ये पोहरादेवी येथे बंजारा संस्कृतीच्या संग्रहालयाचे भूमिपूजन झाले. तांड्यातील प्रत्येक सभेची व सणाची वर्दी देणाऱ्या नंगाऱ्याचा आकार त्याच्या इमारतीला देण्यात आला असून चार मजल्यांवर समाजाचा इतिहास, नायकांची परंपरा, वेशभूषा, दागिने, लदेणी आणि तांडाजीवन यांचे दर्शन घडवणारी दालने आहेत. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये सेवालाल महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले होते आणि उंच स्तंभावर पांढरा सेवाध्वज उभारण्यात आला होता. तीर्थक्षेत्राच्या विकास आराखड्यातून रस्ते, भक्तनिवास व सुशोभीकरणाची कामे घेण्यात आली आहेत.

संग्रहालयात मांडलेल्या वस्तूंकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आरसे, कवड्या व नाणी जडवलेला फेटिया-कांचळीचा पोशाख, हातभर बलिया, केसांत गुंफलेल्या घुगऱ्या हे सारे मुळात घराला भिंती नसलेल्या लोकांचे धन होते. तिजोरी नसल्यामुळे संपत्ती अंगावर वागवली जाई, आणि भरतकामावरून बाई कोणत्या तांड्यातली हे ओळखता येई. वृद्ध स्त्रियांखेरीज हा पोशाख रोज वापरणाऱ्या महाराष्ट्रात आता थोड्याच उरल्या आहेत. तरुण मुली तो लग्नात किंवा तीजेच्या दिवशी घालतात. काचेआड ठेवलेला पोशाख आणि यात्रेत आजीच्या अंगावरचा पोशाख असे दोन्ही एकाच गावात दिसण्याची संधी अजून आहे.

तांड्यांच्या मूलभूत सोयींचा प्रश्न वेगळा आहे. अनेक तांडे आजही मुख्य गावाला जोडलेले असून त्यांना स्वतंत्र ग्रामपंचायत नाही. निधी मूळ गावाच्या नावे येतो आणि तांड्यापर्यंत पोचताना आटतो, ही तक्रार जुनी आहे. तांडा-वस्ती सुधार योजना आणि सेवालाल महाराजांच्या नावाने सुरू झालेली तांडा समृद्धी योजना या यासंबंधीच्या सरकारी योजना होत.

दळणवळण

पोहरादेवी रेल्वेमार्गावर नाही. मानोरा, दिग्रस, पुसद व कारंजा येथून रस्त्याने येथे येता येते आणि यात्राकाळात एसटी महामंडळ जादा बसगाड्या सोडते. ‘शकुंतला’ या नावाने प्रसिद्ध असलेला मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंदमापी मार्ग कारंजा व दारव्हा यांवरून जाई; त्यावरील वाहतूक आता बंद आहे. काम सुरू असलेला वर्धा-यवतमाळ-नांदेड हा लोहमार्ग दिग्रस व पुसद येथून जाणार असून त्याचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तो पूर्ण झाल्यावर नांदेडमार्गे तेलंगणातून येणाऱ्या यात्रेकरूंना दिग्रसपर्यंत रेल्वेने येता येईल.